पिस्ता रंगावर पोतारा

रंगांचं ते कार्ड पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला थकवा आला होता. घरधनी नागपूरहून आले, पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी ते बाहेर काढलं आणि मी तांदूळ निवडत होते त्या सुपाशेजारी उघडून ठेवलं. नखाएवढे रंगांचे चौकोन, ओळीनं चिकटवलेले. म्हणाले, "घर तुह्यं आहे. रंग तूच सांग." घर माझं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बांधायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं.

आमचं गाव धानोऱ्याच्या रस्त्यावरचं. जिल्हा तेव्हा चांदा. घरधन्यांचा बांबूचा ठेका होता, आणि ट्रक बांबू भरून जायचे ते येताना रिकामे यायचे. त्या रिकाम्या ट्रकांतून सिमेंट आलं, लोखंड आलं, आणि मातीचं, कवेलूंचं म्हणजे कौलारू आमचं घर पाडून त्याच जागेवर सपाट छताचं घर उभं राहिलं. आसपासच्या गावांत तसं दुसरं नव्हतं. लोक बैलबंड्या थांबवून बघायचे. घरधनी मुद्दाम बाहेर येऊन उभे राहायचे.

पहिल्या उन्हाळ्यात त्या स्लॅबनं आम्हाला भाजून काढलं. आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला हे सांगून उपयोग नाही. दिवसभर छत तापायचं आणि सूर्य बुडाला की ती सगळी धग आमच्या डोक्यावर उतरायची. गावभर शोभा सांगत बांधलेल्या घराच्या अंगणात आम्ही बाजा टाकून झोपायचो. घरधन्यांनी मात्र हार मानली नाही. चांद्याच्या एका पेंटरनं त्यांना सांगितलं होतं की घर तापतं ते रंग नसल्यामुळे. आतून थंड रंग द्यायचा, म्हणजे झालं. हे त्यांना पटलं. मला पटलं नाही, पण माझ्या पटण्यावर त्या घरात काही अडत नव्हतं.

मग रोज संध्याकाळी ते कार्ड. हा घे की तो? हॉलले आसमानी बरा की पिस्ता? हा मोतिया पाह्य, हा बदामी पाह्य. चुलीवर भात, मांडीवर धाकटा, आणि समोर ते चौकोन. दिवस उतरला की आसमानी करडा दिसायचा आणि मोतिया, बदामी एकच वाटायचे. सासूनं एकदा कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "हे सप्पे रंग धुऊन धुऊन उडालेल्या लुगड्याचे हायेत." आणि परत दिलं. त्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच बाई होती.

माझी अडचण वेगळीच होती. रंग निवडायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे रंग खणायचा असतो. तळ्याच्या पाळीमागे, म्हणजे बांधामागे, पांढऱ्या मातीची खदान होती. ती माती आणून भिजवायची, कालवायची आणि चिंधीनं भिंतीवर फिरवायची, हा पोतारा. खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढला की घर झालं. मी माहेरी परकरात होते तेव्हापासून हेच करत आले. मातीचा जो रंग निघेल तो घराचा. एखाद्या वर्षी ती जरा पिवळसर निघायची, मग त्या वर्षी अख्खं गाव पिवळसर.

आणि पोतारा एकटीनं कोणी करत नसे. आश्विनात पाऊस ओसरला की आमच्या ओळीतल्या सगळ्या बाया मिळून खदानीवर जायच्या. शेतकऱ्यांच्या घरच्या, आणि ओळीच्या शेवटी राहणाऱ्या, तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या घरच्याही. एकेक घर करत सगळी ओळ पोतारून काढायच्या. आज तुझं, उद्या माझं. सावड म्हणतात तिला. मजुरी नाही, हाताच्या बदल्यात हात. पुढे असायची ती पलीकडच्या घरची बाई. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी, आवाज असा की खदानीवरून हाक मारली तर तळ्यातले बगळे उडायचे. तिला सगळे नुसतं बाई म्हणत.

ही सावड भिंतींपुरती नव्हती, हे मुद्दाम सांगते. जी माझी भिंत पोतारायची तीच मला ताप आला की पेज आणून द्यायची. बांबूच्या तोडीचे दिवस लागले की घरधनी महिनेच्या महिने जंगलात. घरात मी, म्हातारी सासू आणि लेकरं. दोन्ही बाळंतपणांत माझी कंबर बाईनं धरली होती. आणि त्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले होते.

शेवटी एका संध्याकाळी माझा जीव मेटाकुटीला आला. मी न बघता बोट ठेवलं. "हा." बोट पिस्ता रंगावर पडलं होतं. घरधनी खूश झाले. थंडच रंग निवडलास म्हणाले. हॉल पिस्ता, आतली खोली आसमानी, स्वयंपाकघर बदामी. पेंटर चांद्याहून डबे घेऊन आला. तो तोंडात पान धरून बोलायचा आणि नागपुरातल्या कुठल्या कुठल्या बंगल्यांची वर्णनं करायचा. डिस्टेंपर लागलं. घरभर सरसाचा वास. गरम तेवढंच होत होतं, फक्त आता ते हिरवट दिसत होतं.

बघायला सगळं गाव आलं. बायकाही आल्या, पाय धुऊन. बाईनं पिस्ता भिंतीवरून तळहात फिरवला, आमच्यात बघायचं म्हणजे हात लावूनच. घरधनी घाईनं म्हणाले, "बाई, हात नोका लावू, डाग पडते." रागानं नाही म्हणाले, हसूनच म्हणाले. बाईनं हात काढून पदराला पुसला. बाकीच्यांनीही आपापले हात आवरून घेतले. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं, पण मी चहा ठेवायला आत गेले.

आश्विन आला. मी टोपली आणि जुनी लुगड्याची चिंधी काढून ठेवली होती. सकाळी ओळीतून बायांचा आवाज गेला, खदानीच्या वाटेनं. आमच्या दारात कोणी थांबलं नाही. मला वाटलं विसरल्या असतील. पोटाला हात धरून मी मागून निघाले आणि पाळीजवळ त्यांना गाठलं.

"बाई, मले काऊन आवाज नाई देला?"

बाईनं टोपली खाली ठेवली. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण ती सरळ बोलणारी. "पोरी, तू आमच्या इथी हात लावशीन. आमी कुठी फेडाचं? तुह्या भिंतीले आमचं काय काम हाय आता?"

"फेडू नोका ना. मी अशीच करतो."

"असं नाई होत व," ती म्हणाली. "फुकटचं कोण घेते?"

बाकीच्या खाली बघत होत्या. मी रिकामी टोपली घेऊन परत आले. राग बाईचा नव्हता. राग त्या पिस्ता रंगाचा होता, घरधन्यांचा होता, आणि त्या कार्डावर ठेवलेल्या माझ्या बोटाचाही. घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसून रडले. सासू जवळ येऊन म्हणाली, "तुह्या बाळंतपणात कोण येईन आता?" हेच माझ्या मनात होतं. तिनं ते मोठ्यानं म्हटलं.

त्याच आठवड्यात माहेराहून निरोप आला, आईला बरं नाही. मी लेकरांना घेऊन गेले. आईचा ताप उतरायला वेळ लागला. घरधनी बंडी घेऊन न्यायला आले तेव्हा दिवाळी तोंडावर होती. वाटेत ते दिवाळीत घरी कोणाकोणाला जेवायला बोलवायचं ते सांगत होते. वनखात्याचे साहेब येणार होते. साहेबांना हॉल दाखवायचा होता.

बंडी दारात थांबली. अंगणात बाई उभी, मागे ओळीतल्या बाया. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे. सासू उंबऱ्यात. आणि आत, आमचा हॉल पांढराशुभ्र. पिस्ता रंग कुठे औषधालाही उरला नव्हता. खाली वीतभर गेरूचा पट्टा, सरळ रेषेत, बाईच्याच हातचा. ओली माती होती अजून. घरात मातीचा वास भरला होता.

"दिवाईले घर असं बिनपोताऱ्याचं कसं ठेवाचं?" बाई म्हणाली. "तुह्या सासूले इचारलं आमी. म्हटलं, पोरगी अवघडलेली हाय, आली का तिले घर तयार भेटलं पायजे."

त्या बिचाऱ्यांना सिमेंटवर, डिस्टेंपरवर माती बसत नाही हे कसं ठाऊक असणार? भिंत म्हटली की तिला माती लागते. त्यांनी ज्या भिंतीला हात लावू नको म्हणून ऐकलं होतं तिला हात लावण्याचं धाडस माझ्यासाठी केलं होतं. एकेकीचा चेहरा उजळलेला. सगळ्या माझ्याकडे नाही, घरधन्यांकडे बघत होत्या.

मीही बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल होऊ लागला. तोंड उघडत होतं. एकदा ते शब्द बाहेर पडले असते तर त्या बाया आमच्या दारात पुन्हा कधी आल्या नसत्या, हे मला तेव्हा जितकं स्पष्ट दिसलं तितकं आयुष्यात फार कमी वेळा काही दिसलं असेल.

"मीच सांगून गेली होती," मी म्हटलं. "मले तो रंग आवडत नव्हता."

घरधन्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते बैल सोडायला गेले. बायांनी मला आत नेलं, भिंती दाखवल्या, पट्टा दाखवला. मी छान म्हटलं. खरंच छान दिसत होतं.

घरधनी माझ्याशी बोलेनासे झाले. हवं-नको ते सासूमार्फत. साहेबांचं जेवण त्यांनी परस्पर रद्द केलं. ते एक वेळ मी निभावलं असतं, पण माती वाळली आणि पापुद्रे धरू लागली. आधी कोपऱ्यातून, मग सगळीकडून. पापुद्रा सुटला की खालचं पिस्ता डिस्टेंपरही घेऊन यायचा. वरणात माती, अंथरुणात माती, धाकट्याच्या केसांत माती. भिंतीवर करडं सिमेंट, हिरवे ठिगळ, पांढरे ठिगळ. मी दिवसातून तीनदा झाडायचे, आणि वाकणं आता जड जात होतं. ऐन दिवाळीत आमच्या घराला खरूज झाली होती.

बाई एकदा दारात आली, आत डोकावली, पापुद्रे बघितले आणि उंबऱ्यातूनच परत गेली. त्यानंतर कोणीच येईना. रागानं नाही, लाजेनं. पण न येणं ते न येणंच. मी आवाज दिला तरी हातात काम असल्यासारखं करायच्या. आधी फेडता येत नाही म्हणून दूर, आता नुकसान केलं म्हणून दूर. मी खोटं बोलून जे वाचवलं होतं ते भिंतीवरून पापुद्र्यांसारखंच गळत चाललं होतं. नववा महिना जवळ येत होता आणि घरधनी पुढच्या पंधरवड्यात तोडीवर जाणार होते.

जायच्या आधी त्यांनी पेंटरला बोलावलं. आणि पुन्हा ते कार्ड काढलं. अबोला त्यांनीच मोडला, त्याचं श्रेय त्यांना देते. "बोल," म्हणाले, "आता कोणता? या बारीनं नीट पाहून सांग."

मी भिंतीला टेकून बसले होते. उठायचं त्राण नव्हतं. "हॉलले तुमाले पायजे तो द्या," मी म्हटलं. "पिस्ता द्या, गुलाबी द्या, मले काई म्हणाचं नाई. मले मागं मातीचं सयपाकघर बांधून द्या."

"मातीचं?" ते म्हणाले. "स्लॅबच्या घराले मातीचं शेपूट? लोक हासतीन."

"हासू द्या. तुमी जंगलात राह्यता. माह्या कळा सुरू झाल्या तं तुमचा पेंटर येईन का चांद्यावरून?"

पेंटरनं पान थुंकायच्या निमित्तानं बाहेर जाणं पसंत केलं. घरधनी बराच वेळ कार्ड उलटंसुलटं करत बसले. मला वाटलं आता ते ओरडणार, आणि ओरडले असते तर मीही ओरडले असते, तेवढी तयारी मी ठेवली होती. पण ते म्हणाले, "आपल्या ओळीच्या बाया येतीन का बांधाले?"

"मी जाऊन सांगतो," मी म्हटलं.

मी गेले. बाईच्या ओसरीवर बसले आणि म्हटलं की मला मातीच्या भिंती घालायच्या आहेत, माझ्यानं होत नाही. ती ताबडतोब उठली. त्या दिवसांत धान कापायला आलं होतं, तरी बाया वेळ काढून आल्या. पुरुषांनी कूड बांधला, बायांनी लिंपला, पोतारला. ओल्या भिंतींना आतून शेकोटी लावून वाळवलं. हॉल त्या वेळी दुसऱ्यांदा पिस्ता झाला. तो कोणी बघायला गेलं नाही.

माझी मुलगी त्याच मातीच्या स्वयंपाकघरात जन्मली. सिमेंटच्या खोलीत बाज टाकून ठेवली होती, पण कळा आल्या तेव्हा मी चुलीपाशी होते आणि बाई म्हणाली, इथीच ऱ्हा. कंबर तिनंच धरली. घरधनी कुठे तरी एटापल्लीकडे होते, त्यांना आठवड्यानं कळलं.

पुढच्या आश्विनात खदानीवर जाताना बाईनं दारातून हाक मारली. मी मुलीला सासूकडे देऊन निघाले. वाटेत बाई हिशोबाचं बोलली, तिला आडपडदा नव्हता. "तुह्यं तं एवढुसं सयपाकघर. त्याच्यासाठी तू सप्पी ओळ पोतारशीन? तुले परवडन?"

"परवडन," मी म्हटलं.

परवडत नव्हतं. माझी भिंत घटकाभरात व्हायची, इतक्या बाया असत की एकमेकींच्या आड येत. आणि मी मात्र एकेकीचं आख्खं घर, आतून-बाहेरून. पांढऱ्या मातीनं बोटांना चिरा पडत, खांदे भरून येत. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. घरधनी म्हणायचे, आपल्याले पोतारा नाई करा लागत म्हणून घर बांधलं, आणि तू गावाचे घरं पोतारून राह्यली. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं. दमून घरी यायचे आणि पिस्ता हॉलमध्ये जमिनीवर आडवी व्हायचे. रंग वाईट नव्हता, हे तेव्हा कळलं. पडल्या पडल्या डोळ्याला बरा वाटायचा.

मग बाईच्या मुलाला रस्त्याच्या कामाचा ठेका मिळाला. त्यालाही सिमेंट मिळू लागलं. बाईच्या ओसरीचे खांब उतरले, कवेलू उतरले, आणि आमच्या घराला पाठ लावून दुसरं सपाट छत उभं राहिलं. बाई त्या दिवसांत कमी बोलायची. एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि चुलीपाशी बसली. पदराआडून तिनं कार्ड काढलं. नवं होतं, चौकोनही जास्त होते.

"पोरगा म्हणते, आई, घर तुह्यं हाय, रंग तूच सांग," ती म्हणाली. "मले का समजते त्याच्यातलं? तुले माहीत हाय. तूच बोट ठेव."

इतक्या वर्षांचा सगळा शिणवटा माझ्या तोंडात आला. खदानीच्या वाटेवरची ती सकाळ मी विसरले नव्हते. "आता समजलं ना तुमाले," मी म्हटलं. म्हणायला नको होतं असं मला आजही वाटत नाही.

"समजलं," बाई म्हणाली. "म्हणून तं तुह्याकडे आली." तिनं कार्ड मांडीवर ठेवलं. हात नेहमीसारखे नव्हते, स्वच्छ होते, आणि ते कुठे ठेवावे हे तिला सुचत नव्हतं. "घर झालं का मले कोणी आवाज नाई देणार. मी हात लावला तं त्या कुठी फेडतीन? तू देशीन का आवाज?"

मी कार्ड तिच्या मांडीवरून उचललं आणि बाजूला ठेवलं. आश्विन लागायला थोडे दिवस होते.

"माह्यं सयपाकघर लहान हाय, बाई," मी म्हटलं. "पण हात फेडाले दोघींले पुरते."